आतून लिंपलेला सांधा

१

अंजलैचा दिवस मातीच्या गोळ्यापाशी सुरू व्हायचा आणि मातीच्या गोळ्यापाशीच संपायचा. मधे पाणी भरणं, दोन घास पोटात ढकलणं आणि नवऱ्याचं अंग पुसणं, एवढंच. सकाळी दारात रांगोळी ओढून झाली की ती पडवीत फतकल मारून बसे. ओल्या मातीचा गोळा पाटावर थापायचा, भाकरीएवढा झाला की उचलून साच्यात घालायचा आणि अंगठ्याने दाबत दाबत कानाकोपऱ्यांत पोचवायचा. आधी पोटाकडचा अर्धा साचा, मग पाठीकडचा. दोन्हींच्या कडांना पातळ चिखल लावायचा, एकावर एक बसवायचे आणि दोरीने आवळायचे. तासाभराने दोरी सोडली की आतून शेटजी निघत.

शेटजी म्हणजे वाण्याची बाहुली. तमिळ मुलखात नवरात्रात घरोघरी पायऱ्या करून बाहुल्या मांडतात. वरच्या पायऱ्यांवर देव कितीही असोत, खालच्या पायरीवर हे पोट सुटलेले वाणीबुवा हवेतच, पुढ्यात डाळतांदळाचं दुकान घेऊन बसलेले. उंची दीड वीत, पोट हे एवढं, आणि आतून सगळा पोकळ कारभार. गल्लीत कुणी दशावतार करी, कुणी लग्नाची वरात. अंजलैच्या सासरी तीन पिढ्या शेटजीच.

शेवटचं काम भोकाचं. बाहुली उलटी करून बुडाला झावळीच्या हिराने भोक पाडायचं. भट्टीत आतली हवा तापते, तिला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसली की बाहुली फुटते, आणि एकटी फुटत नाही, शेजारच्या चार घेऊन फुटते. सतराव्या वर्षी अंजलै त्या घरात सून म्हणून आली, तेव्हा मासिलामणीने, तिच्या नवऱ्याने, पहिल्यांदा शिकवलं ते हेच. "सांधा चुकला तर आपलं नुकसान," तो म्हणाला होता, "भोक विसरलीस तर सगळी गल्ली शिव्या घालते."

साचा भरायचा तिने आणि सांधा जोडायचा त्याने, असं एकतीस वर्षं चाललं. सांधा लिंपण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मग पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला तो श्वास, तोही धड नाही. आतल्या खोलीत खाटेवर पडून तो तोंडाने श्वास घेई. घर्र करून आत, फुस्स करून बाहेर. डॉक्टर म्हणाले होते, श्वासाकडे लक्ष ठेवा, बाकी सगळं देवाच्या हातात.

म्हणून अंजलैने आपली बैठक त्याच्या खिडकीखाली आणली. हात मातीत, कान खिडकीत. घर्र, फुस्स. तो आवाज चालू आहे तोवर ती काम करी. जरा अडखळला की मातीच्या हातांनी तशीच आत धावे. असे चार महिने काढले बाईने. सलग दोन तास झोपल्याचं तिला आठवत नव्हतं.

२

वैशाखातली दुपार होती. भोक पाडायला म्हणून तिने एक शेटजी उलटा केला आणि तो हातातून सटकला. हातांना आताशा काही कळतच नसे. पायरीच्या दगडावर आपटून शेटजीची दोन शकलं झाली, एक पोटाचं, एक पाठीचं.

"जा मेल्या," ती म्हणाली. एवढ्यातेवढ्याने रडायची ताकद उरली नव्हती. पुन्हा मळायचा म्हणून तिने शकलं उचलली आणि तिची नजर आतल्या बाजूला गेली.

दोन अर्धे एकमेकांवर दाबले की सांध्यातला चिखल थोडा बाहेर येतो, थोडा आत. बाहेरचा फडक्याने पुसून घेतात. आतला तसाच राहतो, ओबडधोबड, वाळलेल्या शेवाळासारखी कड धरून. तो कुणी पुसत नाही, कारण तिथे बोट पोचतच नाही. एकतीस वर्षांत फुटलेली प्रत्येक बाहुली तिने आतून अशीच पाहिली होती.

या शेटजीला आत कड नव्हती. सांधा आतून लिंपलेला होता. अगदी तळापासून मानेपर्यंत एका ओढीत, कुठेही न थांबता, गुळगुळीत. आणि त्या ओढीच्या मधोमध एक बारीक रेघ उठलेली होती.

ती रेघ तिला कुणी दाखवायला नको होती. मासिलामणीच्या उजव्या अंगठ्याला लहानपणी तार लागली होती. जखम भरली, पण मधे खाच राहिली. त्याने ओल्या मातीवर अंगठा फिरवला की त्या खाचेची अशी रेघ मागे उठे, मग तो ती ओल्या फडक्याने मोडी.

अंजलै शहाणी बाई होती. तिने आधी शहाण्यासारखाच विचार केला. जुना, पोंगलच्या आधीचा शेटजी असेल. पण माती ओली होती, सकाळीच तिने भरलेली. मग आपणच लिंपला असेल, झोपेत. पण साचा मिटल्यावर आत हात घालणार कुठून? डब्याचं झाकण डब्यात बसून लावायचं झालं. तिने शकलं पाण्याच्या टोपात टाकली आणि पुन्हा माती होईपर्यंत कुस्करली. खिडकीतून आवाज येत होता. नेहमीपेक्षा जरा हळू, पण येत होता.

३

समोरच्या घरातली पच्चैयम्मा आंबिलीचं भांडं घेऊन आली. दिवसातून एकदा यायचीच. अंजलैपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, जिभेने त्याहून मोठी.

"पी मुकाट्याने. तोंड बघ कसं सुकून एवढंसं झालंय, तुझ्या शेटजीच्या पोटात टाकलं तरी आवाज यायचा नाही."

"अक्का, एक विचारू? सांधा कधी आतून लिंपलेला पाहिलायस?"

"आतून? आत काय माझी सासू बसलीये लिंपायला?"

"चेष्टा नको ना. आज एक फुटला. आतून लिंपलेला होता. यांच्या अंगठ्याने."

पच्चैयम्माने तिच्याकडे नीट पाहिलं, मग भांडं तिच्या हातात कोंबलं. "बाई गं, झोप नसली की माणसाला काय वाटेल ते दिसतं. परवा मी रामाला तीन हात लावले. आमचा म्हणतो, असू दे, एक जास्त आशीर्वाद." मग ती स्वतःच फिसकन हसली. "आणि खरंच अण्णाच करत असतील तर नशीबवान आहेस. आमचा धडधाकट असून खाटेवरून उठत नाही, तुझा खाटेवर पडल्या पडल्या कामं उरकतो!"

अंजलैही हसली. किती दिवसांनी हसली कोण जाणे, गाल दुखले.

पच्चैयम्मा गेल्यावर तिने पाच साचे भरले, मिटले, आवळले आणि समोर मांडले. तासभर त्यांच्यावरून नजर हलवली नाही. माशी बसली तरी तिने पाहिली. कुणी आलं नाही, कुणी हात लावला नाही. खिडकीतला श्वास तेवढा मधेच बारीक झाला, लांबून आल्यासारखा, आणि पुन्हा जवळ आला. तासाने तिने एक साचा सोडला आणि शेटजीला तारेने उभा कापला.

आत लिंपलेलं होतं. मधे रेघ होती.

ती आत गेली. मासिलामणी छताकडे बघत पडला होता. त्याचा उजवा हात, चार महिने मेलेला, अंगाशी पडला होता. तिने वाडग्यात पाणी घेतलं आणि रोजच्यासारखा तो हात धुतला. पाणी गढूळ झालं. तिने ते ओतून दुसरं घेतलं, तेही गढूळ झालं. तिसऱ्या वाडग्याला पाणी निवळलं, तेव्हा तिने हात पुसला आणि त्याच्या छातीवर ठेवला. त्याने डोळे मिटले होते.

४

तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण भीती बाळगायलासुद्धा अंगात त्राण लागतं. रात्री तिने त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं केलंत. मला एकटीला होत नव्हतं हो." आणि हे बोलताना तिला जे रडू फुटलं ते चार महिन्यांचं होतं.

त्यानंतर तिने सांध्याची काळजी सोडली. अर्धे भरायचे, एकावर एक ठेवायचे, बस. बाकीचं आपोआप होई. एका सांध्याला तडा गेला नाही. शेटजी पडवीत रांगेने सुकत बसले, साठ शेटजी, साठ पोटं. अंजलैला दुपारी पाठ टेकायला मिळू लागली. नवऱ्याचा श्वासही पूर्वीसारखा घरघरत नव्हता, मऊ झाला होता. कधीकधी कान देऊन ऐकावा लागे. बरं वाटतंय त्यांना, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पच्चैयम्मालाही सांगितलं.

मग तिला भोकांचं दिसलं.

तिने पाडलेली भोकं दुसऱ्या दिवशी नव्हती. एकाचंही नाही. बुडं गुळगुळीत, कधी हीर टोचलाच नव्हता अशी. तिने पुन्हा पाडली. दुसऱ्या सकाळी पुन्हा बुजलेली. तिने एक शेटजी फोडून पाहिला. भोकावर आतून मातीची टिकली दाबलेली होती, अंगठ्याने गोल फिरवून.

"अहो," ती खाटेशी बसून म्हणाली, "भोकं का बुजवता? फुटतील ना सगळे. तुम्हीच ना शिकवलं मला?"

त्याचे ओठ हलले. चार महिन्यांत त्याने धड शब्द उच्चारला नव्हता. तिने कान तोंडाशी नेला.

"वारा," तो म्हणाला. "वारा येतो."

"कुठे येतो? खिडकी लावू?"

"आत."

बाहेर माती तडकेल असं ऊन होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. तरी तिने खिडकी लावून घेतली. त्याचे पाय चाचपले तर गार होते.

५

भट्टी गल्लीची सामाईक होती, गल्लीच्या टोकाला, आणि महिन्यातून एकदा पेटायची. त्या महिन्याचा दिवस आला. सगळ्यांच्या बाहुल्या एकत्र रचायच्या, वर गोवऱ्या, नारळाची सोडणं, काटक्या घालायच्या आणि चिखलाने लिंपून टाकायचं. पच्चैयम्माचा नवरा आरुमुगम पेटवणीचं काम बघायचा. सकाळीच गल्लीत ये-जा सुरू झाली.

अंजलै लोखंडी टोच्या घेऊन बसली. शेटजी आता सुकले होते, हिराचं काम नव्हतं. पहिल्याच्या बुडाला तिने टोच्या लावला आणि फिरवून आत घातला. आतल्या खोलीतून आवाज आला, "हं." सुई टोचल्यावर येतो तेवढाच. तिने दुसरा घेतला. "हं." तिसरा. चौथा. आठव्याला तो आवाज इतका लहान मुलासारखा आला की ती टोच्या टाकून आत पळाली.

मासिलामणी कुडकुडत होता. वैशाखात, बंद खोलीत त्याचे दात वाजत होते, ओठ काळेनिळे पडले होते आणि डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं. तिने घरातली सगळी लुगडी त्याच्या अंगावर घातली. थंडी थांबली नाही. तेव्हा ती पडवीत आली, चिखल घेतला आणि पाडलेली आठही भोकं आपल्या हाताने बुजवली. आत गेली तर तो शांत झाला होता.

"राहू दे," ती त्याला म्हणाली. "नाही टोचत. भट्टीतही घालत नाही कुणाला. व्यापाऱ्याला काय सांगायचं ते मी बघीन."

ती त्याच्या खाटेशी जमिनीवर आडवी झाली. जरा पाठ टेकते, मग उठून पच्चैयम्माला सांगते, असं मनाशी म्हणाली. आणि तिला झोप लागली. साधीसुधी नाही, चार महिन्यांची थकलेली झोप.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. घरात धुराचा वास होता. मासिलामणीच्या अंगावरची लुगडी भिजून गेली होती, चेहऱ्यावरून घाम निथळत होता. तो तिच्याकडे बघत होता.

"उकडतंय," तो म्हणाला. स्वच्छ, स्पष्ट, पोंगलच्या आधी बोलायचा तसा.

ती पडवीत आली. एकही शेटजी जागेवर नव्हता.

६

"अगं, मेल्यासारखी झोपली होतीस," पच्चैयम्मा भट्टीशी उभी होती, चेहरा धुराने काळा. "म्हटलं झोपू दे बिचारीला. आम्ही दोघांनी नेऊन लावले तुझे सगळे शेटजी. आभार मान."

"उलटून पाहिलेस?"

"तुझ्या घरच्या बाहुल्या उलटून बघायच्या? एकतीस वर्षांत कधी वेळ आली नाही."

"भोकं नाहीत, अक्का. एकालाही भोक नाही."

आरुमुगमने कपाळाला हात लावला. मग कान देऊन ऐकलं. "दोन तास झाले पेटवून. फुटायचे असते तर एव्हाना दिवाळी झाली असती. एक आवाज नाही. भोकं असणारच, अंजलै, झोपेत बरळतेस तू."

तो म्हणत होता ते खरं होतं. भट्टी शांत होती. अंजलैच्या डोळ्यांसमोर मात्र घामाने भिजलेला नवरा होता, आणि साठ बंद पोटं, आणि त्यांच्याखाली निखारे. तिला एवढंच सुचलं की त्याला बाहेर काढायला हवं. तिथे पहार पडली होती ती तिने उचलली. पच्चैयम्मा ओरडली, "अगं बाई, सगळ्यांचा महिना आहे त्यात!" तोवर पहार भट्टीच्या कुशीत बसली होती. वाळका चिखल ढासळला, दोन वितींचं भगदाड पडलं आणि आतला लाल उजेड तिच्या तोंडावर आला.

अगदी जवळ एक शेटजी कलंडून पडला होता, बूड तिच्याकडे करून. ती गुडघ्यांवर बसली. पदर तोंडावर धरला, निखारे हलवायची सळई घेतली आणि बुडाच्या मधोमध दाबली. अर्धवट भाजलेली माती कचकन सुटली. तिने सळई मागे घेतली. बोटाएवढं काळं भोक पडलं होतं. आता वाफ येईल म्हणून ती बघत राहिली. वाफ आली नाही.

आतून अंगठा आला.

ओला होता, मातीने माखलेला, मधे खाच पडलेला. भोकाच्या कडेवर टेकला, गोल फिरला, एकदा, मग उलटा एकदा. घाईत नव्हता. साचा भरून ती पुढे सरकवायची आणि तो न बघता लिंपायचा, तसाच. मग मागे गेला. भोक नव्हतं. तिथे ओला चिखल चकाकत होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो वाळून लाल झाला.

मागे आरुमुगम ओरडत होता, आग निघून चालली, लिंपा लवकर. त्याला काही दिसलं नव्हतं. तो चिखलाची पाटी घेऊन पुढे आला.

अंजलै सळई घेऊन तशीच बसली होती. तिला वाटत होतं नवरा आत अडकलाय, कोंडलाय, वाट मागतोय. तो कुठे कोंडला होता? तो एकेक दार आतून लावून घेत होता. चार महिने त्याचा एकेक श्वास तिने कानाने धरून ठेवला होता, सुटू दिला नव्हता, आणि हा माणूस थकला होता. तिच्याइतकाच थकला होता. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं, एकदाही नाही.

"मी लिंपते," ती म्हणाली.

"भाजशील."

"मी लिंपते म्हटलं ना."

तिने पाटीतला चिखल ओंजळीने घेतला आणि भगदाडाच्या खालच्या कडेपासून थापायला लागली. चिखल गरम होत होता, तळव्याला चटके बसत होते. दोन थर चढल्यावर तिला जाणवलं की पलीकडूनही कुणी दाबतंय. ती हात डावीकडे नेई तसा तो दाब डावीकडे जाई. ती थांबली की थांबे. शेजारी माणसं होती, आणि म्हणण्यासारखं जे होतं ते पलीकडच्याला ठाऊकच होतं. शेवटी अंगठ्याएवढी जागा राहिली. तिथे ती बरीच रेंगाळली. मग तिने अंगठा ठेवला आणि गोल फिरवला.

पलीकडचा दाब थोडा वेळ राहिला. मग नव्हता.

पच्चैयम्माने तिला दंडाला धरून उठवलं. "हात बघ, सोलून निघालेत. वेड लागलंय का तुला? चल, घरी जा आता. अण्णा एकटेच आहेत."

अंजलै भट्टीशेजारच्या भिंतीशी गेली आणि सावलीत बसली. पाय लांब केले. गल्लीच्या त्या टोकाला तिच्या घराचं दार उघडं दिसत होतं.

"जाते, अक्का," ती म्हणाली. "आता घाई नाही."